मिरचीचा ठसका, बिडीचा खोकला : कळमन्यातल्या एका हमालाचे क्षयरोग प्रकरण

हे प्रकरण कोणा एका माणसाचे नाही. पूर्व नागपुरातल्या हमाल-मजुरांच्या वस्त्यांमध्ये जे पुन्हा पुन्हा आढळते, ते एका रुग्णात जुळवून अभ्यासासाठी मांडले आहे. औषधांच्या मात्रा, तपासण्या आणि नियम मात्र सरकारच्या क्षयरोग कार्यक्रमातलेच आहेत.

रुग्ण पुरुष, वय 46, कळमना बाजारात मिरचीच्या यार्डात हमाल. उंची 168 सेंटिमीटर, निदानाच्या दिवशी वजन 44 किलो, म्हणजे बीएमआय 15.6. बिडी अठराव्या वर्षापासून. दिवसाला एक बंडल, म्हणजे 25 बिड्या. गाड्या जास्त आल्या तर त्याहून जास्त. घर 10 बाय 12 फुटांची एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. घरात बायको, सत्तरीची आई, 17 वर्षांचा मुलगा आणि 9 वर्षांची मुलगी. बिडी पडवीच्या उंबरठ्यावर बसून ओढायची. थंडीत आणि पावसात दार लोटून, आतच.

साडेतीन महिने कुठे गेले

खोकला डिसेंबरच्या शेवटी सुरू झाला. पहिला महिना तो थंडीच्या खाती गेला. मेडिकल दुकानातून खोकल्याची बाटली आणली. जानेवारीत यार्डात मिरचीची आवक वाढली. भिवापुरी असो की आंध्र-तेलंगणातून आलेली, लाल मिरचीची पोती उतरवताना जो खकाणा उडतो त्यात ठसका लागत नाही असा माणूस नाही. तोंडाला दुपट्टा बांधूनही डोळे-नाक वाहतात. तेव्हा सगळेच खोकत होते, त्यात हाही.

फेब्रुवारीत वस्तीतल्या एका दवाखान्यात दाखवले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, ‘बिडी ओढता का?’ विचारले, हो म्हटल्यावर ‘मग खोकला असणारच’ म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन ही जंतुनाशक गोळी पाच दिवसांची दिली. चार दिवसांत बरे वाटले, आणि हीच चूक महागात पडली. लिव्होफ्लॉक्सासिन आणि तिच्या गटातली औषधे क्षयाच्या जंतूवरही चालतात. पाच-सात दिवसांच्या कोर्सने जंतू मरत नाही, थोडा दबतो. ताप उतरतो, रुग्णाला औषध लागू पडल्यासारखे वाटते आणि निदान आणखी काही आठवडे लांबते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याला थुंकी तपासल्याशिवाय या गटातले औषध देऊ नये, असे वारंवार सांगावे लागते ते यासाठीच.

मार्चमध्ये संध्याकाळचा बारीक ताप, रात्री उशी भिजेल इतका घाम, पँटला दोरी बांधायची वेळ. दुसरा दवाखाना. तिथे छातीचा फोटो काढला, ‘बिडीने फुप्फुस खराब झाले’ म्हणून ओढायचा पंप दिला. फोटोत दोन्ही बाजूंना वरच्या भागात डाग होते. थुंकी तपासायला कुणी सांगितले नाही. सांगितले ते इतकेच : “बिडी बंद कर, खोकला आपोआप जाईन.”

इथे दोष एकट्या डॉक्टरांना देऊन भागत नाही. रुग्णाचा, त्याच्या बायकोचा, मुकादमाचा, सगळ्यांचाच तोच समज होता. बिडी ओढणाऱ्याला खोकला असतोच, हे इतके गृहीत धरलेले असते की खोकल्याची जात बदलली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. बिडीचा खोकला सकाळी उठल्यावर जास्त असतो, थोडा कफ पडला की दिवसभर बरा राहतो आणि वर्षानुवर्षे साधारण तसाच चालतो. या माणसाचा खोकला रात्री वाढत होता, कफ पिवळट झाला होता, वजन तीन महिन्यांत सहा-सात किलोने उतरले होते. ‘खोकला आहे का?’ या प्रश्नाला बिडीवाला नेहमी ‘हो’च म्हणतो, म्हणून तो प्रश्न त्याच्यापुरता निकामी आहे. ‘दिवाळीला जसा खोकला होता तसाच आहे की बदलला?’ असे विचारले असते तर जानेवारीतच सुगावा लागला असता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात थुंकीत रक्ताची रेघ आली. त्याच सुमारास आशाताई घरोघरी फिरत होत्या, त्यांनी थुंकीच्या दोन डब्या हातात ठेवल्या.

थुंकीची डबी

पहिला नमुना प्रयोगशाळेने परत पाठवला. डबीत थुंकी कमी आणि खर्रा (सुपारी, तंबाखू, चुन्याचा घोटलेला गोळा) जास्त होता : तपकिरी लाळ, सुपारीचे कण, चुन्याचा थर. नागपुरात ही अडचण इतकी नेहमीची आहे की डबी देतानाच सूचना द्यावी. रात्री झोपताना खर्रा थुंकून चूळ भरायची, सकाळी उठल्यावर काहीही तोंडात टाकण्याआधी साध्या पाण्याने पुन्हा चूळ भरायची, दात घासायची घाई करायची नाही. मग मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर उभे राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीच्या तळातून खोकून 2 ते 5 मिलिलिटर कफ डबीत टाकायचा. चहाचा लहान चमचा 5 मिलिलिटरचा असतो, तेवढा अंदाज पुरतो. डबीला बाहेरून थुंकी लागू द्यायची नाही, झाकण घट्ट लावायचे. एप्रिलच्या उन्हात डबी दुपारपर्यंत पत्र्याच्या घरात पडून राहिली तर इतर जंतू वाढून नमुना वाया जातो; सकाळीच केंद्रावर पोचवायची आणि तिथून पुढे बर्फाच्या पेटीतून.

दुसऱ्या खेपेचा नमुना नीट आला. सूक्ष्मदर्शकाखाली 3+, म्हणजे एका दृश्यक्षेत्रात दहाहून जास्त जंतू. सीबीनॅट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रात क्षयाचा जंतू सापडला, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला प्रतिकार नाही. लाइन प्रोब या डीएनएच्याच दुसऱ्या तपासणीत आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधालाही प्रतिकार नाही. नव्या फोटोत उजव्या वरच्या भागात पोकळी. एचआयव्ही नाही, साखर ठीक. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली आणि 22 एप्रिलला औषध सुरू झाले.

वजन 35 ते 49 किलोच्या गटात, म्हणून चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज 3. एका गोळीत आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम. तीन गोळ्यांचे मिळून अनुक्रमे 225, 450, 1200 आणि 825. असे 56 दिवस, मग पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे 112 दिवस. सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6 जीवनसत्त्व. लघवी केशरी-लाल होईल, घाबरायचे नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितले.

नोंदणीच्या फॉर्मवर तंबाखूचाही रकाना असतो. ‘धूम्रपान : हो’ असे लिहिले, ‘बिडी सोडा’ असे सांगितले आणि पान उलटले. या प्रकरणातली खरी गफलत या पाच सेकंदांत झाली.

बिडी नेमके काय करते

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांचा गालिचा असतो. हे केस एका लयीत हलून धूळ, कफ आणि जंतू वर ढकलत राहतात. धुरामुळे ते आधी सुस्तावतात आणि नंतर झडतात. मग जंतूला खाली उतरायला वाट मोकळी मिळते. खाली वायुकोशांत भक्षक पेशी असतात, ज्यांचे काम जंतू गिळून मारणे. वर्षानुवर्षे धूर खाल्लेल्या भक्षक पेशी काजळीसारख्या कणांनी भरलेल्या असतात. त्या जंतू गिळतात, पण मारण्यात कमी पडतात, आणि इतर पेशींना मदतीला बोलावणारी टीएनएफसारखी रसायनेही कमी सोडतात. म्हणजे घरात चोर शिरला, पहारेकऱ्याने पाहिला, पण त्याला ना धरता आले ना ओरडता.

तंबाखूच्या धुराने क्षयाचा आजार होण्याचा धोका साधारण दोन ते अडीच पटींनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाच्या बिड्या-सिगारेटी आणि ओढण्याची वर्षे जितकी जास्त, तितका धोका जास्त. भारतातला सर्वांत ठळक पुरावा तमिळनाडूचा आहे. तिथल्या सुमारे 43,000 पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये क्षयाने मरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या चौपट होते, आणि पुरुषांमधले क्षयाचे निम्मे मृत्यू धूम्रपानाच्या खाती जात होते. अमेरिकेत तंबाखू म्हटले की कर्करोग आणि हृदयविकार आठवतो. आपल्याकडे क्षयही आठवायला हवा, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले.

बिडीबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे : ‘सिगारेटपेक्षा हलकी, पानाचीच तर असते.’ बिडीत तंबाखू सिगारेटच्या तुलनेत कमी, साधारण पाव ग्रॅमच्या आसपास असतो हे खरे. पण तेंदूपान कागदासारखे सच्छिद्र नसते. झुरका थांबला की बिडी विझते. ती पेटती ठेवायला लवकर लवकर आणि जोराने ओढावे लागते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच, बरेचदा जास्तच आत जाते. तेंदूपान तोडणाऱ्या आणि बिडी वळणाऱ्या भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यातून नागपुरात आलेल्यांना बिडी घरचीच वाटते, आणि घरच्या वस्तूचा संशय येत नाही.

महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ तसे कमी : 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात 3.8 टक्के. धूरविरहित तंबाखू खाणारे मात्र 24.4 टक्के. या आकड्यांमुळे क्षयाच्या कामात धूर दुय्यम वाटतो. पण हमाल, ट्रकचे क्लीनर, बांधकाम मजूर यांच्यात ही सरासरी लागू पडत नाही, आणि क्षयही नेमका तिथेच जास्त असतो. धूर आणि क्षय यांचे नाते पक्के आहे. खर्र्याबद्दल तितका भक्कम पुरावा नाही. म्हणून खर्रा निरुपद्रवी ठरत नाही. पुढे दिसेल की या प्रकरणात त्याने वेगळ्याच वाटेने अडचण केली.

दोन महिन्यांनंतरचा अहवाल

जूनच्या मध्यात, 56 दिवस झाल्यावर थुंकी तपासली. 1+, म्हणजे जंतू खूप कमी झालेले, पण अजून दिसणारे. ताप गेला होता, खोकला निम्म्यावर आला होता, पण वजन 45 किलो, म्हणजे वाढ जेमतेम एक किलो. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासात, जो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या दोन महिन्यांत वजन 5 टक्के वाढलेल्या रुग्णांत मृत्यू बरेच कमी आढळले. 44 किलोच्या माणसाचे 5 टक्के म्हणजे 2.2 किलो, हा निम्म्यावरच थांबला होता. धूर भूक मारतो. रोज पहाटे चहा-बिडी, अकराला चहा-बिडी, आणि जेवण थेट तीनला, हा त्याचा दिनक्रम औषध सुरू झाल्यावरही तसाच होता.

अशा वेळी पहिला प्रश्न गोळ्यांचा असतो. रिकाम्या पट्ट्या मोजल्या : 56 पैकी 53 मात्रा घेतलेल्या, तीन चुकल्या त्या रामटेकला लग्नाला गेले तेव्हाच्या. एवढ्याने 1+ येत नाही. दुसरा प्रश्न प्रतिकाराचा. थुंकी पुन्हा सीबीनॅट आणि लाइन प्रोबला, शिवाय कल्चरला, म्हणजे जिवंत जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवली. सीबीनॅट इथे फक्त रिफाम्पिसिनचा प्रतिकार पाहण्यासाठी. मेलेल्या जंतूचा डीएनएही त्यात पकडला जातो, त्यामुळे उपचार चालू असताना ‘जंतू सापडला’ या वाक्याला अर्थ नसतो. हे माहीत नसल्याने कित्येक रुग्ण उगाच हबकतात. प्रतिकार निघाला नाही. गोळ्यांचा पहिला टप्पा न वाढवता ठरल्याप्रमाणे तीन औषधांचा टप्पा सुरू केला. द्रव माध्यमातल्या कल्चरला नकारात्मक म्हणायला 42 दिवस थांबावे लागते. अहवाल ऑगस्टच्या सुरुवातीला आला, वाढ नाही. म्हणजे जूनमध्ये दिसलेले जंतू बहुधा मेलेले होते.

मग त्यांना बाहेर पडायला इतका उशीर का? पोकळी मोठी, सुरुवातीचा भार 3+, वजन कमी : ही तिन्ही कारणे होती. धूम्रपान चालू असलेल्यांची थुंकी नकारात्मक व्हायला जास्त वेळ लागतो, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. या एका रुग्णात कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येणार नाही; तसे ठासून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण तिघांपैकी एकही कारण जूनमध्ये हातात नव्हते. हातात होती ती बिडी.

उंबरठा

जूनमध्ये केंद्रावर विचारले तेव्हा उत्तर तयार होते. “बिडी तं कवाच सोडून देल्ली ना मॅडम.” एसटीएस (क्षयरोग कार्यक्रमाच्या उपचार पर्यवेक्षक) आणि आशाताई घरी गेल्या. पडवीत गोळ्यांचा डबा, त्यावर तारखांचा कागद, सगळे जागेवर. उंबरठ्याच्या कोपऱ्यात फरशी उचकटलेली होती, त्या फटीत बिडीची थोटके खोचलेली. वरची दोन-तीन ताजी, राख अजून भुरभुरीत. बायको हळू आवाजात म्हणाली, “दिवसा नाही ओढत जी. रात्री खोकला आला का मंग एक पेटवते, त्याच्यानं मोकळं वाटते म्हणते.”

त्याचे उत्तर पूर्ण खोटेही नव्हते. 25 वरून तो 8-10 वर आला होता, आणि बिडी कमी केली त्याला तो ‘सोडली’ म्हणत होता. शिवाय दिवसाची जागा खर्र्याने घेतली होती : आधी एखादा, आता चार. नागपुरात बिडी सुटली असे ऐकले की दुसरा प्रश्न खर्र्याचा विचारायलाच हवा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला तो गोळा गालात धरला की निकोटिन रक्तात जातच राहते. सवय सुटत नाही, फक्त धुराचे दार बंद होते. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे. खर्रा मात्र चौकाचौकात घोटला जातो, आणि बंदीची गोष्ट काढली तर पानटपरीवाला हसतो.

‘बिडी पिता का?’ या प्रश्नाचे उत्तर हो-नाही येते आणि ते बहुतेकदा विचारणाऱ्याला खूश करण्यासाठी असते. त्याऐवजी, ‘शेवटची बिडी कधी ओढली?’, ‘काल दिवसभरात किती?’, ‘सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली लागते?’ असे विचारले की खरे बाहेर येते. रागावणाऱ्याला खरे उत्तर मिळत नाही, हेही तितकेच खरे. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला, “डोळा उघडला का लगेच. तिच्याबिगर पोट साफ होत नाही.” उठल्यापासून पाच मिनिटांत पहिली बिडी, हे गाढ व्यसनाचे चिन्ह आहे. अशा माणसाला नुसते ‘सोडा’ म्हणणे म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून ‘पोहा’ म्हणणे.

सोडण्याची जुळवाजुळव

बिडी कधी लागते याची यादी त्याच्याकडूनच करून घेतली. पहाटेची, संडासाआधीची. चहाबरोबरची. गाडी रिकामी झाल्यावर सावलीत बसून चौघांत ओढायची. जेवणानंतरची. रात्री खोकल्याची उबळ आल्यावरची. यातल्या सर्वांत अवघड दोन : पहिली आणि चौघांतली. पहिलीसाठी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी. बद्धकोष्ठाची भीती त्याला बिडीपेक्षा मोठी होती, तेव्हा जेवणात पालेभाजी आणि रात्री इसबगोलही सुचवला. चौघांतल्या बिडीला उपाय मुकादमाने काढला : बसायची जागाच बदलली, पाण्याच्या टाकीकडे. रात्रीच्या उबळीला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, उंच उशी, आणि एक समज : बिडीने ‘मोकळे’ वाटते ते निकोटिनची तलफ शमते म्हणून, कफ सुटतो म्हणून नव्हे.

औषधांपैकी ब्युप्रोपिऑन बाद. रिफाम्पिसिन यकृतातली विकरे इतकी वाढवते की ब्युप्रोपिऑन रक्तात टिकतच नाही. निकोटिनची च्युइंगगम स्वस्त आणि सहज मिळणारी. पहिली बिडी अर्ध्या तासाच्या आत लागणाऱ्याला 4 मिलिग्रॅमची. ती चघळत राहायची नसते : तिखट चव येईपर्यंत चावायची, मग गालात दाबून धरायची, चव गेली की पुन्हा चावायची, आणि आधीची पंधरा मिनिटे चहा नाही. इथे खर्रा आडवा आला. तोंड उघडायला सांगून त्याचीच तीन बोटे उभी जोडून दातांमध्ये घालायला लावली. दोनच गेली. गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठ. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होऊन तोंड उघडेनासे होण्याचा हा आजार नागपुरात तरुणांतही दिसतो, आणि तो कर्करोगाच्या वाटेवरचा आहे. गम चावणे शक्य नव्हते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात त्याला दाखवायला पाठवले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनची पट्टी निवडली : 21 मिलिग्रॅम सहा आठवडे, मग 14 दोन आठवडे, 7 दोन आठवडे.

पट्टीचीही हमालाच्या अंगावर परीक्षा होते. पाठीवर आणि खांद्यावर पोते येते, तिथे ती घासून निघते. छातीवर घामाने सुटते. जूनची उमस म्हणजे अंग कधी कोरडे नसतेच. शेवटी दंडाच्या आतल्या बाजूला, अंघोळीनंतर अंग पूर्ण पुसून, दहा सेकंद तळहाताने दाबून लावली तेव्हा टिकली. रोज जागा बदलायची, नाहीतर कातडी लाल होते. पट्टी अंगावर असताना चार खर्रे खाल्ले तर निकोटिन जास्त होते : मळमळ, चक्कर, छातीत धडधड. तिसऱ्याच दिवशी त्याला मळमळ झाली आणि त्याने दोष दिला टीबीच्या गोळ्यांना. नेमक्या अशाच वेळी माणूस बिडी सोडायच्या ऐवजी गोळ्या सोडतो. डोळे पिवळे नाहीत, उलट्या नाहीत, लघवी नेहमीसारखी केशरीच आहे हे पाहून, यकृताची रक्त तपासणी करून खात्री केली आणि खर्रा आधी दोनवर आणला.

बिडी सोडायची तारीख 29 जून, रविवार. आदल्या रात्री घरातली बंडले आणि काडेपेटी बायकोच्या हवाली, फरशीची फट सिमेंटने बुजवलेली. तलफेचे पहिले तीन दिवस सर्वांत कडक असतात, दोन ते चार आठवड्यांत ती उतरते. चिडचिड, झोपमोड, भूक वाढणे याची कल्पना घरच्यांना आधी दिली होती. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगितली : पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढू शकतो, कारण सुस्तावलेले केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर येतो. हे आधी सांगितले नाही तर माणूस म्हणतो, ‘बिडी सोडली आणि खोकला वाढला’, आणि पुन्हा पेटवतो. नवव्या दिवशी रात्री उशिरा गाडी आली तेव्हा त्याने एक बिडी ओढलीच. दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगितले. तारीख बदलली नाही, तक्त्यात एक फुली मारली आणि पट्टी चालू ठेवली.

गोळ्या घ्यायला तो येतो, म्हणजे दर खेपेला पाच मिनिटे हाताशी असतात. मोठ्या खर्चाच्या औषधापेक्षा ही पाच मिनिटे महत्त्वाची, असे म्हणायला आधार आहे. बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या 2,472 क्षयरुग्णांवर सायटिसिन या गोळीची चाचणी झाली, निष्कर्ष 2020 मध्ये आले. गोळी मिळालेल्या आणि औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी मिळालेल्या अशा दोन्ही गटांत सहा महिन्यांनी तंबाखूमुक्त राहिलेले साधारण 30 टक्के. दोघांनाही थोडक्यात समुपदेशन मिळाले होते. मधल्या दिवसांत बोलायला राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे, 1800-11-2356, मराठीतही बोलता येते. त्याने दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा मुलाने लावून दिला.

पैशाचा हिशेब बायकोने केला. खर्रा तीस रुपयांचा, चार म्हणजे 120, वर बिडीचे बंडल. महिन्याला चार हजारांच्या घरात. क्षयरुग्णाच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे नोव्हेंबर 2024 पासून मिळतात महिन्याला 1,000. जुलैपासून घरात रोज दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध आले ते या हिशेबातून.

घरातले आणि यार्डातले

घरातल्या चौघांची लक्षणे विचारून छातीचे फोटो झाले. आजार कुणालाच नव्हता, म्हणून प्रतिबंधक औषध : आठवड्यातून एकदा, 12 आठवडे, आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन. दुसऱ्याच्या बिडीचा धूर खाणाऱ्या मुलांनाही क्षयाचा संसर्ग आणि आजार जास्त होतो, तेव्हा दार लोटून आत ओढलेल्या बिड्यांचा हिशेब मुलीच्या खात्यावर होता. 17 वर्षांच्या मुलाच्या खिशात खर्र्याची पुडी निघाली. तो वेगळाच विषय.

यार्डात एक अफवा होती की त्याची उष्टी बिडी ओढल्याने टीबी होतो. टीबी उष्ट्या बिडीने किंवा पेल्याने होत नाही, हवेतून होतो. पण बिडी उष्टी करायला चार डोकी जितकी जवळ येतात तितक्या जवळून खोकला मात्र सहज पोचतो, त्यामुळे अफवा चुकीची असूनही माणसे योग्य तेच करत होती. सोबतच्या सहा जणांपैकी दोघांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला होता, दोघेही बिडीवाले. दोघांच्या थुंकीत काही निघाले नाही. फोटोत एकाला डाग होते, त्याला पुढच्या तपासणीला पाठवले.

ऑक्टोबर, आणि पुढची मिरची

सप्टेंबरच्या वजनात काटा 50.2 वर गेला. वाढ 5 किलोहून जास्त आणि वजन 50 ते 64 च्या गटात आलेले, म्हणून गोळ्या तीनच्या चार झाल्या. हे बहुतेक ठिकाणी राहून जाते, कारण वजन लिहिणारा आणि गोळ्या देणारा वेगळा असतो. ऑक्टोबरमध्ये उपचार संपताना थुंकी नकारात्मक, वजन 51, ‘बरा झाला’ अशी नोंद. बिडी 29 जूनपासून बंद, मधली एक फुली धरून. खर्रा दिवसाला एक, तो सुटलेला नाही. तोंडात आता अडीच बोटे जातात. फोटोत उजवी बाजू पूर्ण साफ झालेली नाही, चढण चढताना दम लागतो. 28 वर्षांची बिडी आणि पोकळीचा व्रण, दोन्हींचे ते देणे. पोत्यांऐवजी काट्यावर वजन करायचे काम मुकादमाने दिले आहे, मजुरी थोडी कमी.

उपचारानंतर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी तपासणी ठरलेली असते. त्याआधीच, जानेवारीत मिरचीची आवक सुरू झाली आणि खोकला आला. या वेळी दहा दिवसही थांबला नाही. चूळ भरून, खर्रा न खाता, सकाळची डबी घेऊन केंद्रावर आला. “मिरचीचाच असन,” तो म्हणाला, “पण तुमी पाहून घ्या.” थुंकीत जंतू नव्हते, फोटो ऑक्टोबरसारखाच. श्वास मोजायच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली, आणि फॉर्मवर तंबाखूच्या रकान्यात तारीख टाकून लिहिले : बिडी – शेवटची 8 जुलै; खर्रा – काल, एक.